श्रीखंड-ताकासाठी सेन्सरी लॅब: २० बाय १४ फुटांच्या खोलीत काय बसेल?

चक्का_सांगली
नमस्कार. आमच्या डेअरीत श्रीखंड, आम्रखंड आणि मसाला ताक बनतं. नव्या बॅचची चव सध्या क्यूसीच्या (गुणवत्ता तपासणीच्या) टेबलाभोवती उभ्यानेच घेतली जाते. पहिला म्हणाला "आंबट आहे", की बाकीचे माना डोलावतात. म्हणून चव-वास तपासायची स्वतंत्र सेन्सरी लॅब करायची आहे. पॅकिंग हॉलच्या वर २० बाय १४ फुटांची खोली आहे, छत १० फूट. पाच बूथ, म्हणजे एकेकट्याने चव घ्यायचे आडोसे, बसतील का? प्रत्येक बूथमध्ये सिंक हवं का? कॉन्ट्रॅक्टर दोन स्प्लिट एसी आणि काळ्या ग्रॅनाइटचा ओटा सुचवतोय. आणि दोन बॅचमधला फरक तपासायला माणसं किती लागतात?

ओटा_आणि_खिडकी
पाच बूथ बसतात, पण जेमतेम. सेन्सरी लॅबच्या आयएसओ ८५८९ या मानकाप्रमाणे बूथचं टेबल किमान ०.९ मीटर रुंद आणि ०.६ मीटर खोल हवं, म्हणजे साधारण ३ फूट बाय २ फूट. खोलीला लांबीच्या दिशेने एक भिंत घाला. चव घेणाऱ्यांच्या बाजूला २ फूट टेबल आणि ४ फूट खुर्ची व वाट, असे ६ फूट. उरलेल्या ८ फुटांत नमुना द्यायच्या खिडकीमागचा २ फुटी ओटा, ४ फूट वाट आणि समोर २ फुटी कामाचा ओटा. भिंतीची जाडी त्या वाटेतून जाईल. लांबीत पाच बूथचे १५ फूट. उरलेल्या ५ फुटांत एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला फ्रिज. दारं मात्र दोन हवीत. चव घेणारा नमुने भरण्याच्या जागेतून आत आला, तर डबे आणि लेबलं पाहूनच बसतो.

दोन बूथमधली फळी टेबलाच्या कडेपुढे किमान ३० सेंटिमीटर यायला हवी, नाहीतर शेजाऱ्याचा चेहरा दिसतो. नमुना द्यायची खिडकी दीड फूट रुंद, वर सरकणारी करा आणि तिचा तळ ओट्याच्या पातळीत ठेवा. उंबरा राहिला की ट्रे अडतो, ताक सांडतं. बिजागरीची झडप नको, ती उघडताना ट्रेची जागा खाते. बूथमध्ये बटण आणि ओट्याच्या बाजूला छोटा दिवा दिलात की हाका माराव्या लागत नाहीत.

सिंक अजिबात नको. दुधाचा स्निग्ध अंश नळीत बसतो, वापर कमी असला की ट्रॅपमधलं (नळीच्या वाकातलं, वास अडवणारं) पाणी सुकतं आणि गटाराचा वास थेट नाकाशी येतो. थुंकायला झाकणाचा कागदी पेला द्या. काळं ग्रॅनाइटही नको: त्यावर श्रीखंड आहे त्यापेक्षा पांढरं भासतं. मॅट पांढरा किंवा फिकट राखाडी पृष्ठभाग घ्या, भिंतीही तशाच. सांधे भरायला न्यूट्रल सिलिकॉन सांगा. स्वस्त सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा वास सोडतं, आणि तुम्ही नेमका आंबटपणा तपासणार आहात. एमडीएफ फळ्यांचा आणि ताज्या रंगाचा वास पुरता जाईपर्यंत चाचणी सुरू करू नका.

वारा_मापक
वरच्या उत्तरात हवेचा भाग राहिला, आणि तुमच्याकडे खरी अडचण तीच आहे. खाली पॅकिंग हॉल, म्हणजे उकळत्या दुधाचा आणि सीआयपीच्या (यंत्रं न उघडता आतून धुण्याच्या) अ‍ॅसिडचा वास जिन्याने वर येणार. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, ताजी आणत नाही. एसी राहू द्या, पण सोबत बाहेरची हवा आत ढकलणारा पंखा हवा, त्याला धुळीचा फिल्टर आणि मग अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन. बूथची बाजू २० बाय ६ बाय १०, म्हणजे १,२०० घनफूट. तासाला दहा वेळा हवा बदलायची तर २०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) लागतात. बॉयलरच्या चिमणीकडून हवा घेऊ नका.

चूक होते ती एक्झॉस्टमध्ये. ओट्यावरचा एक्झॉस्ट आत येणाऱ्या हवेपेक्षा जास्त ओढायला लागला, की कमी पडलेली हवा जिन्यातून येते आणि सगळा खर्च वाया जातो. तपासायला उदबत्ती लावू नका. बंद दाराच्या फटीशी टिश्यूची पातळ पट्टी धरा. ती बाहेरच्या दिशेने फडफडली पाहिजे. नमुन्याची खिडकी उघडी ठेवूनही पाहा, हवा बूथकडून ओट्याकडे जायला हवी. तापमान २० ते २४ अंश, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास.

चक्का_सांगली
खूप उपयोगी माहिती. आणखी एक: आम्रखंडाचा रंग आमरसाप्रमाणे बॅचगणिक बदलतो. लाल दिव्याने तो झाकला जातो ना?

तीन_अंकी
आम्रखंडाला बऱ्यापैकी. पिवळा, केशरी आणि पांढरा हे तिन्ही रंग लाल प्रकाश जवळपास सारखाच परत फेकतात. पण रवाळपणा, चकाकी आणि वर सुटलेलं पाणी तसंच दिसतं, त्यामुळे "आता काही दिसत नाही" असं मानू नका. मसाला ताकात तर उलटंच होतं: कोथिंबीर लाल प्रकाशात काळी दिसते आणि कमीजास्त कण लगेच लक्षात येतात. तिथे दिव्याचा उपयोग नाही. लाल दिव्याची लाइन वेगळी ठेवा. नेहमीसाठी ६५०० केल्विनचे, सीआरआय (रंग खरे दिसण्याचा निर्देशांक) ९० च्या वरचे एलईडी, टेबलावर ७०० ते ८०० लक्स.

फरकासाठी त्रिकोणी चाचणी करा. तीन पेले, त्यांतले दोन एकाच बॅचचे, वेगळा ओळखायचा. क्रम सहा होतात, म्हणून माणसं सहाच्या पटीत घ्या. २४ जणांपैकी किमान १३ बरोबर आले तर ५ टक्के पातळीवर (निव्वळ अंदाजाने तेवढे बरोबर येण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी) फरक मानता येतो. १८ जणांत १० लागतात. पाच बूथमध्ये २४ जण पाच फेऱ्यांत होतात. सहाच माणसांना चारदा बसवून २४ चा आकडा करू नका. आणि १३ आले नाहीत म्हणजे दोन्ही बॅच सारख्या आहेत असंही सिद्ध होत नाही. ते दाखवायचं तर माणसं बरीच जास्त लागतात.

श्रीखंड प्रत्येकी ३० ग्रॅम, एकाच मापाच्या स्कूपने, न घोटता भरा; घोटलं की घट्टपणा मोडतो आणि बॅचचा नव्हे, भरणाऱ्याच्या हाताचा फरक मोजला जातो. तिन्ही पेल्यांचं तापमान प्रोब थर्मामीटरने पाहा. एक पेला २-३ अंशांनी गार असला तर तो कमी गोड लागतो आणि लोक "वेगळा" म्हणून तोच उचलतात. त्यामुळे एका फेरीचेच पेले फ्रिजमधून काढा, आणि हा फ्रिज फक्त नमुन्यांचा असू द्या. पेल्यांवर तीन अंकी यादृच्छिक आकडे छापील लेबलवर; मार्करच्या शाईला वास असतो. नवे प्लास्टिकचे पेले आले की एकात गरम पाणी घालून दहा मिनिटं झाका आणि हुंगून बघा.

ताकात मिरची असेल तर एका बैठकीत एकच संच. तिखट साचत जातं, तिसरा पेला नेहमीच जहाल वाटतो. मध्ये कोमट पाणी आणि बिनमिठाचे कुरमुरे द्या. वेळ सकाळी दहा ते बारा. त्याआधी तासभर चहा, तंबाखू नको. अत्तर, बाम आणि मोगऱ्याचा गजरा बाहेरच. रेसिपी ठाऊक असलेल्या कुणालाही बूथमध्ये बसवू नका, मालकांनाही नाही.