डि मॉइनमध्ये का राहता? आयोवातल्या मराठी घरांचे अनुभव

आयोवाच्या राजधानीतून, डि मॉइनहून, नोकरीचं बोलावणं आलं की पहिला प्रश्न येतो, "तिथे आपली माणसं आहेत का?" आणि दुसरा, "तिथे करायचं काय?" २०२० च्या जनगणनेत शहराची वस्ती २,१४,१३३ होती. वॉकी, अँकेनी, जॉन्स्टन, वेस्ट डि मॉइन ही आजूबाजूची गावं धरली तर आकडा सात लाखांच्या घरात जातो. विमा, बँका, बी-बियाणं आणि सरकारी कचेऱ्या यांवर चालणारं हे शहर आहे. इथे राहणाऱ्यांनी, राहून गेलेल्यांनी आणि मुलांकडे येऊन राहिलेल्या आईवडिलांनीही मोकळेपणाने लिहावं. खटकलेलं तर नक्की लिहा, नव्याने येणाऱ्याला त्याचाच जास्त उपयोग होतो. सुरुवात मी करतो.

वॉकी, विमा कंपनीत नोकरी

आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनहून आलो. तिथे हाकेच्या अंतरावर भारतीय दुकानं होती, गणपतीला हॉल भरून माणसं असायची, आणि पगाराचा मोठा वाटा एका बेडरूमच्या भाड्यात जायचा. बायको एच-४ वर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर. २०१५ पर्यंत त्या व्हिसावर नोकरी करताच येत नव्हती. नंतर परवानगी आली, पण ज्यांचा ग्रीन कार्डाचा आय-१४० हा टप्पा मंजूर झालाय, मुख्यतः त्यांच्याच जोडीदाराला. म्हणजे घर एका पगारावर. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग केवढी आहे ते सांगायला नको. तेवढी सगळी वर्षं 'तात्पुरतं' म्हणत भाड्याच्या जागेत काढायची का, हा आमच्यापुढचा खरा प्रश्न होता.

इथे एका पगारात तीन बेडरूमचं घर झालं आणि हप्ता एडिसनच्या भाड्यापेक्षा कमी बसला. बायकोने परवानगी येईपर्यंत कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंगचे कोर्स केले. ती फी त्याच पगारातून निघाली, एडिसनला निघाली नसती. ऑफिस पंधरा मिनिटांवर आहे. मुलीला पोहायला मी नेतो, तेही कामाच्या दिवशी. माझ्या वडिलांना नोकरीच्या काळात हे कधी जमलं नाही, मला जमतंय याचं मला फार मोल आहे.

मात्र घर स्वस्त म्हणून घरपट्टीही स्वस्त असेल असं धरून चालू नका. मालमत्ता कर चांगलाच आहे, आणि घराचं मूल्यांकन दर दोन वर्षांनी नव्याने होतं. राज्याचा आयकर २०२५ पासून सरसकट ३.८ टक्के झाला, तेवढाच हातभार.

जॉन्स्टन, मक्याच्या वाणांवर संशोधन

मी परभणीच्या कृषी विद्यापीठातून एम्स गावातल्या आयोवा स्टेट विद्यापीठात पीएच.डी.ला आलो आणि मग इथंच थांबलो. आमच्या कामाच्या माणसाला हे गाव म्हणजे पंढरी आहे. हेन्री वॉलेस यांनी १९२६ मध्ये संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली ती याच भागात. हरित क्रांतीचे जनक नॉर्मन बोरलॉग जन्मले आयोवातल्याच क्रेस्कोजवळ. त्यांनी सुरू केलेल्या वर्ल्ड फूड प्राइझचं घर डि मॉइनला नदीकाठी, जुन्या ग्रंथालयाच्या दगडी इमारतीत आहे. पहिला पुरस्कार १९८७ मध्ये स्वामिनाथन यांना मिळाला, १९८९ मध्ये कुरियन यांना, आणि १९९८ मध्ये आपल्या जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांना, ज्यांनी महिको ही बियाण्याची कंपनी काढली. लहानपणी आमच्या घरी बियाण्याची पिशवी जालन्याहूनच यायची. त्या माणसाचा सन्मान मी जिथं भाजी आणायला जातो त्या गावात झाला, याचा मला अभिमान वाटतो.

वडील एका जुलैत आले होते. इकडं म्हणतात, ४ जुलैला मका गुडघ्याला लागला पाहिजे. आता तो त्या तारखेला बऱ्याचदा माणसाएवढा उंच असतो. वडिलांनी बांधाला बसून माती उकरली, हातावर चोळली, वास घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रान लई भारी आहे. पण एवढ्या रानात माणसं कुठंयत?" मी सांगितलं, हजार एकर बाप-लेक दोघं मिळून करतात. ते त्यांना काही आवडलं नाही. मला त्यावर आजही नीट उत्तर सुचत नाही.

पाण्याबद्दल लिहायलाच पाहिजे, कारण घर घेताना हे कुणी सांगत नाही. इथली जमीन मुळात पाणथळ. निचरा व्हावा म्हणून शेताखालून सच्छिद्र नळ टाकलेत. पावसाबरोबर खतातलं नायट्रेट त्या नळांतून ओढ्यात, ओढ्यातून रॅकून आणि डि मॉइन नद्यांत, आणि तिथून शहराच्या पाणीपुरवठ्यात येतं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे. ते काढून टाकायला शहरानं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला खास संयंत्र बसवलं, जगातल्या मोठ्यांपैकी एक. तरीही जून २०२५ मध्ये नद्यांतलं प्रमाण इतकं चढलं की अंगणातल्या हिरवळीला पाणी घालायला बंदी आली. नळाचं पाणी मर्यादेतच राखलं गेलं, पण कसरत करावी लागली. मी याच धंद्यातला, म्हणून मला हे जास्त लागतं. खत नेमकं पिकाला हवं तेव्हा आणि तेवढंच कसं द्यायचं, यावर आमच्यातले बरेच जण मन लावून काम करताहेत.

शिकागो, पूर्वी डि मॉइन

मी सोडलं. पंचविशीत, एकटा, गाडी चालवायची आवड नाही, अशा माणसाला इथे कठीण जातं. डाउनटाउनला इमारती जोडणारा काचेचा स्कायवॉक आहे, जवळजवळ चार मैल, जानेवारीत जॅकेट न घालता जेवायला जाता येतं. पण ऑफिसं सुटली की तो रिकामा. बस आहे, पण रविवारी तिच्या भरवशावर बेत आखता येत नाही. बचत मात्र तिथेच झाली, शिक्षणाचं कर्ज तिथेच फिटलं. लग्न झालं तर परत येईन असं मित्रांना सांगून आलोय, आणि ते मनापासून सांगितलंय.

डाउनटाउनजवळ, डॉक्टर

मी जे-१ या प्रशिक्षणासाठीच्या व्हिसावर रेसिडेन्सी, म्हणजे डॉक्टरकीचं पुढचं प्रशिक्षण केलं. त्यानंतर दोन वर्षं मायदेशी जायचं, नाहीतर डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं काम करायचं असा नियम आहे. त्यासाठी प्रत्येक राज्याला वर्षाला तीस जागा असतात. मला आयोवातलं एक छोटं गाव मिळालं. ती तीन वर्षं संपल्यावर मी कुठेही जाऊ शकत होते, पुण्याची मैत्रीण टेक्ससला बोलावत होती. मी डि मॉइनला आले.

कारण रुग्ण. इथे माझ्याकडे ताई डाम समाजातल्या आज्या येतात. १९७५ मध्ये लाओसमधून जीव वाचवून निघालेल्या या माणसांना एकत्र ठेवून घ्यायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा आयोवाचे गव्हर्नर रॉबर्ट रे यांनी "आमच्याकडे या" म्हटलं. पुढे बोस्नियातून, सुदानमधून, ब्रह्मदेशातून माणसं आली. बाहेरून पाहणाऱ्याला हे शहर एका रंगाचं वाटतं. माझ्या दवाखान्याच्या बाकावर बसून बघा. दुभाष्याच्या मदतीने एखादी आजी मला विचारते, तुझी आई कुठे असते, जेवतेस ना वेळेवर? मोठ्या शहरात मी दहा डॉक्टरांपैकी एक असते. इथे मी रजेवर गेले तर फरक पडतो.

अँकेनी, मुलाकडे येऊन राहिलेल्या आजी, मूळ सांगलीच्या

मला कुणी विचारलं नव्हतं, सूनबाई म्हणाली, आई तुम्हीपण लिहा. हिवाळ्यात येऊ नका, एवढं आधी सांगते. उणे वीसच्या खाली पारा जातो, दार उघडलं की नाकातला श्वास गोठतो. मला गाडी येत नाही, त्यामुळे मुलगा कामावरून येईस्तोवर खिडकी आणि मी. पहिल्या हिवाळ्यात रडले आहे.

मे महिन्यात मात्र शनिवारचा बाजार भरतो कोर्ट अव्हेन्यूवर, ऑक्टोबरपर्यंत असतो. शेतकरी स्वतः माल घेऊन बसतात. मुळा पाल्यासकट मिळतो, कोवळी कणसं मिळतात, भाव विचारता येतो, बोलता येतं. मोडकं इंग्रजी मी त्या बाजारात शिकले. मॅड्रिड गावाबाहेर देऊळ आहे, शेतांच्या मधोमध. दर्शन झालं की जवळच नदीवरच्या उंच पुलावर चालायला जातो. ग्रंथालयातल्या बाई आता मला नावाने ओळखतात. सांगलीला मी वाचनालयात जायचे तशीच इथे जाते, चित्रांची पुस्तकं नातवासाठी आणि विणकामाची माझ्यासाठी.

अर्बनडेल, शाळेत मदतनीस

काकू, पुढच्या हिवाळ्यात दुपारी मी तुम्हाला न्यायला येईन, सूनबाईंकडून पत्ता घेते.

माझं कारण शेजार. १० ऑगस्ट २०२० ला डरेचो आलं, सरळ रेषेत धावणारं वादळ. सकाळी अकराच्या सुमारास दिवसाढवळ्या अंधार झाला आणि आमच्या अंगणातला मेपल गाडीच्या वाटेवर आडवा पडला. सीडर रॅपिड्सची अवस्था याहून कितीतरी वाईट होती. वीज गेली ती गेलीच. नवरा भारतात अडकलेला, करोनाचे दिवस. दुपारी समोरचे आजोबा यांत्रिक करवत घेऊन आले, त्यांच्या मागून आणखी दोघं. कुणी बोलावलं नव्हतं. माझ्या फ्रीजमधलं बाळाचं दूध त्यांच्या जनरेटरवरच्या फ्रीजमध्ये गेलं. तोवर आमचं बोलणं हात हलवण्यापुरतंच होतं. आता त्यांच्या नातींबरोबर माझी मुलगी ऑगस्टमध्ये स्टेट फेअरला जाते, लोण्यातून घडवलेला गाईचा पुतळा बघायला. ती गाय १९११ पासून करतात.

डॅलस, टेक्सस, नोकरीचं पत्र हातात

सगळ्यांचं वाचलं. दोन शंका: आईवडिलांना मुंबईहून आणायचं कसं, आणि आल्याबरोबर घर घ्यावं का?

वॉकी

दादा, इथून भारतासाठी थेट विमान नाही. शिकागोसारख्या मोठ्या विमानतळावर बदलावं लागतं. ज्येष्ठांसाठी आम्ही शिकागोपर्यंतच तिकीट काढतो आणि गाडीने आणतो, साधारण पाच तास. विमानतळावर व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा. घराची घाई करू नका, एक हिवाळा भाड्याने काढा. आणि घर बघायला मोठा पाऊस पडून गेल्यावर जा. तळघरात उतरा, भिंतीवर ओल आहे का बघा, पाणी उपसणारा पंप चालू करून दाखवायला सांगा. वादळाचा भोंगा वाजला की सगळं घर त्याच तळघरात बसतं.

कधी येताय ते कळवा, गाडी घेऊन येतो.