ई-30 बीएमडब्ल्यूला बोल्टऐवजी स्टड बसवावेत का?

प्रश्न: माझ्या 1989 च्या ई-30 ला (बीएमडब्ल्यू 3 सिरीजची एक जुनी पिढी) शर्यतीच्या ट्रॅकवर वारंवार चाके बदलावी लागतात, जड चाक एका हाताने तोलत बोल्टसाठी भोक जुळवणे जिकिरीचे होते. स्टड, म्हणजे ज्यावर चाक अडकवून नट आवळता येतो असा कायम बसणारा आटेदार दांडा, बसवणे सुरक्षित आहे का?

उत्तर १: आहे, परंतु घाई करू नये. हबमधील (चाक ज्यावर बसते त्या भागातील) आटे एम 12 बाय 1.5 मापाचे असतात. ते तेलविरहित स्वच्छ करून, उच्च शक्तीचा थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून स्टड बसवावा आणि तो पूर्ण सुकेपर्यंत, म्हणजे साधारण 24 तास, गाडी हलवू नये. स्टड हबमध्ये किमान 12 मिलिमीटर, म्हणजे आठ फेरे, जायला हवा. मात्र हबच्या मागच्या बाजूने तो बाहेर डोकावून हँडब्रेकच्या शूजना (ब्रेक लावणाऱ्या पट्ट्यांना) घासत नाही ना, हे हाताने चाक फिरवून पाहावे. ही तपासणी बहुतेक जण टाळतात.

उत्तर २: नटाची बैठक (चाकाला टेकणारा भाग) चाकाशी जुळलीच पाहिजे. बीएमडब्ल्यूची मूळ चाके 60 अंशांच्या शंकूची, तर पोर्शची गोलाकार बैठकीची असतात. नट सुमारे 100 न्यूटन-मीटरला आवळावेत आणि 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. लांबी मोजूनच मागणी नोंदवतो.