नववीला पोर्ट्रेट: डोळे कपाळात जातात, सावली काळवंडते

प्रश्न (कलाशिक्षक, औसा)
वर्गात ३५ मुलं, बहुतेकांची इंटरमिजिएट (चित्रकलेची सरकारी परीक्षा) झालेली. वस्तुचित्र छान करतात, पण त्या परीक्षेत व्यक्तिचित्र नसतं, त्यामुळे चेहऱ्याचा सराव नाही. फेटा बांधलेले एक आजोबा मॉडेल म्हणून बसणार आहेत. पोस्टर कलर आहेत. डोळे फार वर जातात आणि सावलीची बाजू काजळी फासल्यासारखी दिसते. काय करावं?

उत्तर (परभणी)
सर, हनुवटी ते टाळू मोजलं तर डोळे जवळपास मध्यावर येतात. कपाळावर काढण्यासारखं काही दिसत नाही, म्हणून मुलं तिथली जागा खाऊन टाकतात. फेट्याने घोळ वाढतो, कारण मध्य फेट्याच्या टोकापासून काढला जातो. हात ताठ ठेवून, एक डोळा मिटून, हनुवटी ते डोळे हे अंतर पेन्सिलीवर घ्यायला सांगा. तेवढंच डोळ्यांच्या वर ठेवलं की टाळू सापडते. आधी आख्खं डोकं फिकट रेघेने काढायचं, मगच त्याला फेटा बांधायचा.

आणखी एक. मुलं जमिनीवर बसत असतील तर आजोबांना खुर्ची देऊ नका, चौरंगावर बसवा. खालून पाहिलं की हनुवटी मोठी, कपाळ आखूड दिसतं आणि वरची मापं चुकतात.

उत्तर (अंबाजोगाई)
काजळीचं कारण काळा रंग. पिवळ्यात काळा पडला की हिरवट मळ येतो, आणि आपल्या त्वचेच्या रंगात पिवळा असतोच. डबीतला काळा त्या दिवशी बाजूला काढून ठेवा. दोन भाग यलो ऑकर (मातकट पिवळा), एक भाग बर्न्ट सायना (तांबूस तपकिरी) हा मधला रंग. सावलीला त्यातच बर्न्ट सायना वाढवून ब्रशच्या टोकावर येईल इतकाच अल्ट्रामरीन (गडद निळा). उजेडाला पांढरा बेताने, नाहीतर चेहरा खडूसारखा होतो. नाक, गाल, कान थोडे तांबूस ठेवा. पोस्टर कलरच्या गडद छटा वाळल्यावर फिक्या होतात, म्हणून आधी कागदाच्या तुकड्यावर लावून वाळू द्या.

अजिंठ्याची सहल निघाली तर पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर मुलांना थांबवा. तिथले पिवळे-तांबडे रंग मातीचेच आहेत.

उत्तर (नांदेड)
४० मिनिटांचा तास पुरत नाही, दोन जोडून घ्या. पहिल्या बैठकीत रंग नकोच: एकाच तपकिरी रंगात उजेड, मधली छटा आणि सावली, डोळे किलकिले करून. एका बाजूची खिडकी उघडी, बाकी बंद. दोन्हीकडून उजेड आला तर नाकाची सावलीच हरवते. आजोबांना दर २० मिनिटांनी उठू द्या, पायांभोवती खडूने खूण करून. मार्चनंतर आपल्याकडे रंग पॅलेटवरच वाळतो. पेलाभर पाण्यात चार-पाच थेंब ग्लिसरीन टाका. जास्त झालं तर कागद चिकट राहतो.

प्रश्नकर्ते
आभार. मिशा पांढऱ्या आहेत, त्या कशा?

उत्तर (अंबाजोगाई)
आधी पूर्ण मिशी निळसर करड्या रंगात, एक आकार म्हणून. ती वाळल्यावर उजेडाच्या बाजूला पांढऱ्याचे पाच-सहा फटकारे. एकेक केस काढायला बसू देऊ नका.