विषय: दिवाळीच्या नाटकाचा सेट

प्रेषक: नाट्यसमिती
प्रति: सर्व सभासद, लंडन

नमस्कार मंडळी,

यंदा नवा सेट बांधू नये असं मला ठामपणे वाटतं. दरवर्षी आपण प्लायवूडचे फ्लॅट (सेटच्या भिंतींच्या चौकटी) उभे करतो, एक प्रयोग होतो आणि दुसऱ्या दिवशी सगळं स्किपमध्ये, म्हणजे कचऱ्याच्या मोठ्या डब्यात जातं. इथल्या नाट्यव्यवसायाने २०२१ मध्ये ‘थिएटर ग्रीन बुक’ हे पर्यावरण जपून नाटक करण्याचं मार्गदर्शक काढलं. त्याची पहिली पायरी अशी: निम्मं सामान आधी कुठेतरी वापरलेलं असावं आणि प्रयोगानंतर ६५ टक्के सामान पुन्हा कामी यावं. आपल्याला हे अवघड का जावं? कोकणातले दशावतारी एक बाकडं आणि एक पडदा यांवर अख्खी रात्र रंगवतात. दौऱ्यावर निघणारी आपली नाटकं जोडता-सोडता येतील असेच फ्लॅट घेऊन फिरतात. तसे एकदाच बनवू आणि दरवर्षी रंग बदलू.

शिवाय कलासंस्थांना सरकारी अनुदान देणारी आर्ट्स कौन्सिल इंग्लंड २०१२ पासून मोठ्या अनुदानित संस्थांकडून वीज-पाण्याच्या वापराचा हिशेब मागते. आपल्याकडे कोणी मागत नाही, तरी आपण तो ठेवावा.

---

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

ताई,

सेटचं पटलं. पण नाटक कशावर आहे, हे मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. डिसेंबर २०१८ मध्ये टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाबाहेर कलाकार ओलाफुर एलियासन यांनी ग्रीनलंडच्या फ्योर्डमधले (समुद्राच्या खाडीतले) बर्फाचे २४ ठोकळे मांडले होते. लोक त्यांना हात लावत होते, कान लावून आतले बुडबुडे फुटताना ऐकत होते. हजारो वर्षांपूर्वी कोंडलेली हवा ती! कितीही आकडे वाचले असते तरी माझ्या नातीला हवामानबदल तसा कळला नसता. आपल्या मुलांसाठी पाऊस हुकलेल्या गावावरची एकांकिका का लिहून घेऊ नये?

---

प्रेषक: नाट्यसमिती

काका,

एकांकिका जरूर करू, मुलांकडूनच लिहून घेऊ. पण तो बर्फ इथवर आणायला किती कार्बन हवेत गेला, तेही एलियासन यांच्या स्टुडिओने मोजून घेऊन जाहीर केलं होतं. मला ते फार मोलाचं वाटतं. विषय हवामानाचा आणि प्रेक्षक मात्र एकेकटे गाडीतून येताहेत, असं आपल्याकडून होऊ नये.

मॅसिव्ह अटॅक या बँडने ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रिस्टलला कार्यक्रम केला, तेव्हा रात्री परतीसाठी जादा रेल्वेगाड्या होत्या, रंगमंच डिझेल जनरेटरऐवजी बॅटरीवर चालला. आपला पसारा लहान, तरी स्टेशनजवळचा हॉल घेता येईल. स्लाउ, रेडिंग, मिल्टन कीन्सच्या मंडळींनी तिकीट काढतानाच गाडीत किती जागा रिकाम्या आहेत ते कळवावं. जोड्या मी लावून देते.

आणि पुण्याहून नाटक बोलवायचं असेल तर एका प्रयोगासाठी एवढ्या माणसांना विमानाने आणू नये. बर्मिंगहॅम, मँचेस्टर, कार्डिफच्या मंडळींना आधी विचारू. तीन-चार ठिकाणी प्रयोग ठरले तरच तारखा पक्क्या करू. सुताराचं काम येणाऱ्यांनी रविवारी तालमीआधी तासभर यावं, जुने फ्लॅट तपासायचे आहेत.