टास्क शेड्युलरमधून चालवल्यावर बॅच फाईलला फोल्डर सापडत नाही

जिनिंगहिशेब (राळेगाव तालुका, यवतमाळ):
नमस्कार. आमच्या जिनिंगमध्ये कापसाच्या प्रत्येक गाडीची काटापट्टी वजनकाट्याच्या संगणकावर पीडीएफ स्वरूपात साठते. दिवसभराच्या पट्ट्या रात्री हिशेबाच्या संगणकावर कॉपी व्हाव्यात म्हणून मी एक बॅच फाईल (विंडोजने ओळीने पाळायच्या आज्ञांची मजकूर फाईल) लिहिली आहे. पट्ट्यांचे फोल्डर तिच्या शेजारीच असल्यामुळे आत ‘काटा पट्टी’ एवढेच नाव दिले आहे, आणि हिशेबाचा संगणक झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला आहे. डबल क्लिक केल्यास काम बिनचूक होते. तीच फाईल टास्क शेड्युलरला (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी विंडोजची सोय) रात्री ९ वाजता लावली की फोल्डर सापडत नाही असा संदेश लॉगमध्ये येतो. या पट्ट्यांवरूनच शेतकऱ्यांचे चुकारे निघतात, त्यामुळे हंगामात हे हाताने करत बसणे परवडत नाही.

जुना_बॅचवाला:
आपण दिलेले नाव अर्धवट पाथ (फोल्डरचा अपुरा पत्ता) आहे, आणि अर्धवट पाथ विंडोज बॅच फाईलच्या जागेपासून मोजत नाही, तर त्या क्षणी चालू असलेल्या फोल्डरपासून मोजते. एक्सप्लोररमध्ये डबल क्लिक केल्यावर या दोन जागा एकच असतात, म्हणून सारे ठीक वाटते. टास्क शेड्युलरमध्ये ‘स्टार्ट इन’चा रकाना रिकामा असेल तर काम सिस्टम३२ फोल्डरमध्ये सुरू होते आणि आपली ‘काटा पट्टी’ तिथे शोधली जाते. ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ केले तरी हेच घडते.

तो रकाना भरून काम भागेल (तिथे अवतरणचिन्हे मात्र घालू नयेत), पण मला तो उपाय पसंत नाही, कारण उद्या कोणी दुसऱ्या संगणकावर टास्क नव्याने तयार केला आणि रकाना भरायला विसरला की अडचण पुन्हा तीच. पाथ स्क्रिप्टनेच, म्हणजे बॅच फाईलनेच, ठरवावा. बॅच फाईलमध्ये टक्क्याचे चिन्ह, टिल्डा, डी, पी आणि शून्य असे सलग लिहिले की त्या फाईलचा स्वतःचा ड्राइव्ह आणि फोल्डर मिळतो. त्याला ‘काटा पट्टी’ जोडावे. मिळणाऱ्या पाथच्या शेवटी बॅकस्लॅश आधीच असतो, म्हणून आणखी एक देण्याची गरज नाही. नावात मोकळी जागा असल्याने संपूर्ण पाथ अवतरणचिन्हांत हवा.

रोबोकॉपी ही विंडोजची फाईली कॉपी करणारी आज्ञा वापरत असाल तर एक खोच लक्षात ठेवा. अवतरणचिन्ह मिटण्याच्या लगेच आधी बॅकस्लॅश आला, तर रोबोकॉपी ते चिन्ह पाथचाच भाग समजते आणि पुढचा मजकूरही त्यातच ओढून घेते. बॅकस्लॅशनंतर एक टिंब दिले की हा घोटाळा टळतो.

झेड ड्राइव्हचे दुखणे वेगळे आहे. जोडलेली ड्राइव्ह अक्षरे लॉगिनच्या सत्रापुरती असतात. वापरकर्ता लॉगिन नसतानाही चालणाऱ्या टास्कला ती दिसत नाहीत. त्याऐवजी दोन बॅकस्लॅश, संगणकाचे नाव, पुन्हा बॅकस्लॅश आणि शेअरचे (नेटवर्कवर खुल्या केलेल्या फोल्डरचे) नाव असा संपूर्ण नेटवर्क पाथ द्यावा. अशा पाथवर फोल्डर बदलण्याची ‘सीडी’ ही आज्ञा चालत नाही. ‘पुशडी’ मात्र त्याला तात्पुरते ड्राइव्ह अक्षर देते आणि ‘पॉपडी’ ते काढून घेते. टास्कमध्ये ‘डू नॉट स्टोअर पासवर्ड’वर टिक असेल तर ती काढा, अन्यथा टास्कला केवळ त्याच संगणकावरील फाईली मिळतात.

जिनिंगहिशेब:
धन्यवाद, काम सुरू झाले. तारखेचे फोल्डर हवे असल्याने हीच स्क्रिप्ट मी आता पॉवरशेल ५.१ या विंडोजच्याच दुसऱ्या स्क्रिप्ट-भाषेत लिहिली आहे. तिथे ‘काटा पट्टी’ची अक्षरे विचित्र होतात, म्हणून तूर्त त्या फोल्डरला इंग्रजी नाव दिले आहे. मात्र ज्या पट्ट्यांच्या नावात गाडी क्रमांक चौकोनी कंसात येतो, उदाहरणार्थ [एमएच २९], त्या कॉपी होत नाहीत, आणि लाल अक्षरांत त्रुटीही दिसत नाही.

वर्धाकाठ:
पॉवरशेलमध्ये चौकोनी कंस हे वाइल्डकार्ड (अनेक नावांशी जुळू शकणारे चिन्ह) आहे: कंसातील कोणतेही एक अक्षर, असा त्याचा अर्थ होतो. तशी फाईल सापडत नाही, आणि वाइल्डकार्डला काहीच न सापडणे ही पॉवरशेलच्या लेखी त्रुटी नाही, म्हणून ‘कॉपी-आयटम’ गप्प राहते. तिथे ‘पाथ’ऐवजी ‘लिटरलपाथ’ हा पॅरामीटर द्या. माझ्या मते गाडी क्रमांकासारखे बाहेरून येणारे नाव जिथे असेल तिथे हीच सवय असावी.

अक्षरांचा प्रश्न फाईल जतन करण्याच्या पद्धतीचा आहे, आणि इथे बॅच आणि पॉवरशेल या दोन्ही भाषांचे नियम नेमके उलट आहेत. पॉवरशेल ५.१ ला यूटीएफ-८ (सर्व लिप्यांची अक्षरे साठवणारी पद्धत) फाईल बीओएमसह (फाईलच्या सुरुवातीची, पद्धत ओळखण्याची अदृश्य खूण) लागते, नाहीतर ती जुन्या एएनएसआय अक्षरपद्धतीने वाचली जाते. बॅच फाईल मात्र बीओएमशिवाय जतन करून सुरुवातीला ‘सीएचसीपी ६५००१’ (यूटीएफ-८ वापरण्याची आज्ञा) द्यावे लागते. बीओएम राहिला तर पहिल्याच ओळीवर ती अडखळते. हे सांभाळल्यास मराठी नाव परत देता येईल.

स्क्रिप्टचे स्वतःचे फोल्डर ‘पीएसस्क्रिप्टरूट’मध्ये मिळते, पुढचे नाव ‘जॉइन-पाथ’ने जोडावे, म्हणजे बॅकस्लॅश मोजावे लागत नाहीत. तारीख ‘गेट-डेट’मधून वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आणि मध्ये आडव्या रेघा देऊन घ्या. संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगमधून तिरप्या रेघांची तारीख आली तर एकाच्या जागी एकात एक तीन फोल्डर तयार होतील.

जुना_बॅचवाला:
टास्कला लावण्यापूर्वी एक चाचणी जरूर करावी. कमांड प्रॉम्प्ट उघडून सिस्टम३२ मध्ये जावे आणि तिथून पूर्ण पाथ देऊन स्क्रिप्ट चालवावी. तिथून पट्ट्या पोहोचल्या तर स्क्रिप्टमधील पाथ चालू फोल्डरवर अवलंबून नाहीत हे कळेल. त्यानंतरही रात्री काम अडले, तर नेटवर्क शेअरची परवानगी तपासा.