युद्धकैदी शत्रूच्या बाजूने लढला, तर तो फितूरच का?

जुनी वही
काल एकाने पोस्ट टाकली, "युद्धात शत्रूला मिळालेल्या सैनिकावर खटला कशाला? जागीच गोळी घाला." रात्रभर डोक्यातून जात नव्हती. हाच न्याय १९४५ साली लावला असता तर जपान्यांच्या कैदेतून आझाद हिंद सेनेत गेलेले ब्रिटिश हिंदी सैन्यातले अधिकारी शाहनवाझ खान, सहगल आणि धिल्लन लाल किल्ल्यातल्या खटल्यात उभेच राहिले नसते. आरोप होता राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा, भारतीय दंड संहितेचं कलम १२१. त्यांचे वकील भुलाभाई देसाईंनी ठणकावून मांडलं की पारतंत्र्यातली प्रजा स्वतःचं सरकार स्थापून लढली तर ते युद्ध असतं, फितुरी नव्हे. हे मांडायला कोर्ट होतं म्हणून देशानं ऐकलं.

काळा कोट
मांडलं, पण कोर्टानं मानलं कुठे? युद्ध पुकारल्याबद्दल तिघेही दोषी ठरले. १२१ खाली फाशी किंवा जन्मठेप, तिसरी वाटच नव्हती. जानेवारी १९४६ मध्ये सरसेनापती ऑकिनलेकनं जन्मठेप माफ केली, बडतर्फी मात्र कायम ठेवली. ते सुटले लोकक्षोभामुळे, कायद्यामुळे नाही. आणि स्वतंत्र भारतानं काय केलं? १९५० च्या आर्मी ॲक्टचं कलम ३४ वाचा. युद्धकैदी झाल्यावर स्वखुशीने शत्रूची चाकरी केली किंवा त्याला मदत केली, तर मृत्युदंडापर्यंत शिक्षा. आपणच केलेला कायदा आहे हा.

सुभेदाराचा नातू
"स्वखुशीने" म्हणून पुढे गेलात, तिथेच थांबा. माझे आजोबा फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूरला पकडले गेले. आझाद हिंदमध्ये गेले नाहीत. मीठ खाल्लंय, शपथ घेतलीय, एवढंच म्हणायचे. जपान्यांनी त्यांना न्यू गिनीला हमालीला नेलं. बरोबरचे बहुतेक तिथेच मेले. आजोबा परत आले तेव्हा आजीनं त्यांना आवाजावरून ओळखलं. गावानं काय दिलं? "इंग्रजांचा चाकर." जे आझाद हिंदमध्ये गेले त्यांना १९७२ च्या योजनेत स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन मिळाली. शपथ पाळणाऱ्याचं नाव कुठल्या दगडावर आहे?

पाऊलवाट
पेन्शन काढलीत म्हणून बोलते. माझे चुलत आजोबा आझाद हिंदमध्ये गेले होते. इंग्रजांनी काढलं ते काढलंच, स्वातंत्र्यानंतर आपल्याही सैन्यानं परत घेतलं नाही. पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या बांधावर राबल्यावर ती पेन्शन आली. त्यांनी काय लुटलं तुमच्या आजोबांचं?

सुभेदाराचा नातू
लुटलं म्हणालोच नाही. पण तुमच्या घरात निदान ताम्रपट आहे. आमच्या घरात तुटलेली ट्रंक आहे.

पाऊलवाट
आणि त्या ताम्रपटाला जेवायला घालायचं का? आमच्या आजोबांनाही शपथ होतीच. ती परक्या राजाची होती, हे त्यांना कैदेत उमगलं. उशिरा उमगणं गुन्हा कसा?

काळा कोट
दोघांनीही जरा दमानं घ्या. उमगलं की नाही, धाक होता की भूक, हेच कोर्टापुढे तपासायचं असतं. "स्वखुशीने" सिद्ध करणं सरकारी पक्षाचं काम. जनरल कोर्टमार्शलमध्ये, म्हणजे लष्कराच्या न्यायालयात, किमान पाच अधिकारी बसतात, मृत्युदंडाला दोन-तृतीयांश सदस्यांची संमती लागते, वर केंद्र सरकारचं शिक्कामोर्तब. जागीच गोळी घालणाऱ्याला यातलं काहीच तपासता येत नाही. त्यामुळे खटला हवाच या 'जुनी वही'च्या मुद्द्याशी, नाइलाजानं का होईना, मी सहमत. तरी एवढं ठेवतो: आज एखाद्या जवानानं "मला उमगलं" म्हणून शत्रूचा गणवेश चढवला, तर भुलाभाईंचा युक्तिवाद त्याच्या कामी येणार नाही. त्याचं सरकार त्यानंच निवडलेलं असतं.

जुनी वही
हा फरक पटला. माझ्या पोस्टमध्ये तो यायला हवा होता.

सुभेदाराचा नातू
कायद्याचं पटलं. पण कलम ३४ मध्ये गेलेल्याला शिक्षा लिहिलीय, न गेलेल्याबद्दल एक ओळ नाही. ताई, तुमच्या आजोबांची पलटण कुठली होती? सिंगापूरला दोघं एकाच कुंपणात असतील कदाचित.