पाणीपट्टी आणि मलनिःसारण आकार: सोसायटीच्या बजेटमध्ये वाढ किती धरायची?

नवा_खजिनदार

नमस्कार मंडळी. मुंबईत पश्चिम उपनगरात ६० फ्लॅटची सोसायटी आहे, खाली रस्त्याच्या बाजूला चार दुकानं. यंदा खजिनदारपद माझ्या गळ्यात पडलंय. एप्रिलपासूनचं अंदाजपत्रक करायला घेतलं आणि पाण्याच्या ओळीवर अडलो. आमचे सीए म्हणतात, "सरसकट दहा टक्के वाढ धरा, कोणी विचारत नाही." पण एजीएमला पै-पैचा हिशोब मागणारे दोन काका आहेत आमच्याकडे, ते विचारणारच.

महापालिका पाण्याचे दर वाढवते ते वेळेत कळायचा काही मार्ग आहे का? मलनिःसारण आकार वेगळा वाढतो की पाण्याबरोबरच? आणि प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलातही मलनिःसारण लाभ कर दिसतो, म्हणजे एकाच गटाराचे दोनदा पैसे? ज्यांनी स्वतः हिशोब ठेवलाय त्यांनी सांगावं, प्लीज.

जुना_मुलुंडकर

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. दोनदा नाही. मीटर असेल तर जितकं पाणी वापरलं त्यावर जल आकार आणि त्याच्या ७० टक्के मलनिःसारण आकार, हे पाण्याच्या बिलात. प्रॉपर्टी टॅक्समध्ये जे 'लाभ कर' येतात ते पाइप-गटारांचं जाळं उभं करण्या-राखण्यासाठी, वापराशी त्यांचा संबंध नाही. त्यामुळे बजेटमध्ये दोन वेगळ्या ओळी ठेवा, एकत्र केल्यात तर दोन्ही काका तुम्हाला सोडणार नाहीत.

मलनिःसारणाचा दर वेगळा बघत बसू नका. पाणी वाढलं की तो आपोआप वाढतो. पाण्याच्या वाढीची रुपयांतली रक्कम १.७ पट करा, झालं.

आकडेमोडे

दरवाढीचं असं आहे. २०१२ च्या धोरणानुसार दर वर्षी जास्तीत जास्त ८ टक्के वाढवायची मुभा आहे. आस्थापना खर्च, वीज, राज्य सरकारला भातसा धरणाच्या पाण्यापोटी द्यावे लागणारे पैसे, यांची बेरीज करून टक्का काढतात. प्रत्यक्षात २०१९ ला २.४८, २०२१ ला ५.२९, २०२२ ला ७.१२ टक्के झाली. २०२३ ला प्रस्ताव आला आणि थांबवला गेला. निवडणुकीचा वास आला की ही फाईल बासनात जाते, हा माझा आपला अनुभव.

तारीख लक्षात ठेवा: १६ जून. निर्णय पुढे दिवाळीच्या आसपास झाला तरी लागू तेव्हापासूनच धरतात, आणि फरक पुढच्या बिलात येतो. म्हणून एप्रिल ते मार्चच्या बजेटमध्ये वाढ पूर्ण वर्षाची नाही, साडेनऊ महिन्यांची धरायची. फेब्रुवारीतल्या महापालिकेच्या बजेटच्या बातमीत "करवाढ नाही" असं वाचून निर्धास्त होऊ नका, पाण्याचा निर्णय वेगळा येतो.

नवा_खजिनदार

वा, हे हवंच होतं. म्हणजे ८ टक्के धरले की कमाल मर्यादा झाली, सीएंचे दहा जास्तच.

मीटरसमोर_उभा

थांबा थांबा. तुम्ही सगळे चुकीच्या आकड्यामागे लागलायत असं माझं मत. तुमचाच हिशोब मांडतो.

६० फ्लॅट, घरटी ५ माणसं, माणशी १५० लिटर. रोजचे ४५ हजार लिटर. २०२२ चा इमारतींचा दर हजार लिटरला ६.३६ रुपये. वर्षाचे झाले साधारण १ लाख ४ हजार, त्यावर ७० टक्के मलनिःसारण, एकूण १ लाख ७८ हजारांच्या आत. यावर पूर्ण ८ टक्के वाढ झाली तरी १४ हजार. फ्लॅटमागे महिन्याला वीस रुपये! यासाठी रात्री जागायची गरज नाही.

आता खरी गंमत. १५० लिटरपर्यंतच हा दर. १५० ते २०० ला दुप्पट, २०० ते २५० ला तिप्पट, त्यापुढे चौपट. समजा वापर माणशी २०० वर गेला. पाणी एक तृतीयांश वाढलं, पण बिल दोन तृतीयांश: १ लाख ७८ हजारांचं २ लाख ९६ हजार. महापालिकेनं एक पैसा न वाढवता.

आणि वापर वाढतो तो बहुतेक वेळा कोणी जास्त अंघोळी केल्यामुळे नाही. पाणी येण्याच्या वेळेत खालच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून मीटर बघा. तरी फिरत असेल तर मीटर ते टाकी या पाइपात गळती. मग रात्री बाराला पंप बंद करून गच्चीवरच्या टाकीला खडूनं रेघ मारा, पहाटे पुन्हा बघा. सगळे झोपलेले असताना चार बोटं पाणी उतरलं तर कुठल्या तरी फ्लॅटचा फ्लश रात्रभर वाहतोय. आमच्या इमारतीत असे तीन निघाले, एक तर बंद असलेल्या फ्लॅटमधला.

सिंहगडरोड

पुण्याचं गणित निराळं, कोणी पुणेकर वाचत असेल तर म्हणून लिहिते. इथे बहुतेक निवासी मिळकतींची पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलातच येते, वार्षिक करपात्र रकमेच्या टप्प्यानुसार, लिटरवर नाही. समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०१६ मध्येच पुढल्या वाढी मंजूर करून ठेवल्या होत्या, आधी काही वर्षं १५ टक्के आणि मग २०४७ पर्यंत ५ टक्के. करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असं कायद्यात आहे, त्यामुळे आम्ही त्या महिन्यात पेपर नीट वाचतो. पण खरं सांगू? आमचा पाण्याचा खर्च महापालिकेकडे जातच नाही फारसा, टँकरवाल्याकडे जातो. एप्रिल-मेची टँकरची ओळ वेगळी ठेवा, मुंबईत असलात तरी.

जुना_मुलुंडकर

@मीटरसमोर_उभा, पटलं. फक्त दुकानं विसरलात. व्यावसायिक दर ४७ रुपयांच्या पुढे आहे, निवासीच्या सात पटीहून जास्त. चार दुकानांत एखादं उडप्याचं असलं आणि त्याची जोडणी वेगळी नसली तर सोसायटीचं बिल कुठल्या कुठे जाईल. @नवा_खजिनदार, स्वतंत्र मीटर आहेत ना?

नवा_खजिनदार

तीन दुकानांना आहेत. चौथं पूर्वी झेरॉक्सचं होतं, आता तिथे ज्यूस सेंटर आलंय... उद्याच बघतो. आणखी एक: ही रक्कम फ्लॅटवर वाटायची कशी? आजवर सगळ्यांना सारखी लावतात.

आकडेमोडे

सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) पाण्याचे पैसे प्रत्येक फ्लॅटमधल्या नळांची संख्या आणि आकार यांवर वाटायचे, सेवा आकार तेवढा सगळ्यांना सारखा. बहुतेक सोसायट्या सारखे वाटतात आणि कोणी तक्रार केली की अडचणीत येतात. दोन फ्लॅट जोडलेले, बाथटब बसवलेले, सगळ्यांचे नळ मोजून तक्ता करा आणि एजीएममध्ये मंजूर करून घ्या. मोजायला त्या दोन काकांनाच पाठवा.